नोंदवही, दोरी आणि ग्रामसभा : आपले गाव आपणच स्मार्ट करण्याची पद्धत

केंद्र सरकारने २०१५ साली स्मार्ट सिटी अभियान सुरू केले. त्यात देशभरातून शंभर शहरे घेतली गेली आणि विदर्भातून एकट्या नागपूरची निवड झाली. दर्यापूर, आर्वी, घाटंजी, सिंदेवाही किंवा अर्जुनी मोरगाव यांसारखी तालुक्याची ठिकाणे आणि त्यांच्या भोवतीची शेकडो खेडी त्या अभियानाच्या कक्षेतच नव्हती. तरीही नळाला पाणी किती येते, कोणत्या खांबावरचा दिवा बंद आहे, कोणती विहीर मार्चमध्येच तळ दाखवते, हे वेळेवर कळण्याची आणि त्यावर निर्णय होण्याची गरज या गावांना नागपूरइतकीच आहे. त्यासाठी नियंत्रण कक्ष किंवा सेन्सर लागतातच असे नाही. एकच गोष्ट ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या पद्धतीने मोजणे, ती सर्वांना दिसेल अशी लिहिणे आणि निर्णय जिथे होतो तिथे ती योग्य वेळी मांडणे एवढे झाले, तरी गावाचा कारभार बदलू लागतो. ज्यांनी असे काम पूर्वी कधी केलेले नाही, त्यांच्यासाठी त्याची पद्धत येथे क्रमाने दिली आहे.

पहिली पायरी : एकच प्रश्न निवडावा

नव्याने काम सुरू करणारा गट बहुधा पाणी, नाल्या, कचरा, दिवे आणि शाळा हे सर्व एकदम हाती घेतो, आणि दोन महिन्यांत वही कोरी राहू लागते. म्हणून आरंभी एकच प्रश्न घ्यावा. तो मोजता येण्यासारखा असावा, आठवड्याला एकदा मोजला तरी पुरेल असा असावा, आणि मुख्य म्हणजे त्याचे उत्तर मिळाल्यावर काही करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपंचायतीकडे असावा. ज्या प्रश्नाचा निर्णय मुंबईतच होऊ शकतो, तो पहिल्या वर्षी घेऊ नये.

प्रश्न कोणता असावा हे प्रदेशावरही अवलंबून आहे. अकोला, बुलढाणा आणि अमरावती या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी असूनही ते पिता येत नाही. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत पाण्यातील फ्लोराइड दात आणि हाडे खराब करते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे माजी मालगुजारी (पूर्वीच्या जमीनदारांच्या काळातील) तलावांमधील गाळ, बेशरमाची झुडपे आणि फुटक्या पाळी हा विषय आधी येतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागांत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे आठवडी बाजारात सावली आणि पाणपोई कुठे हवी हाही मोजून ठरवण्याचा प्रश्न आहे. पद्धत समजावी म्हणून या लेखात जवळजवळ प्रत्येक गावाला लागू पडणारा एक प्रश्न धरला आहे : टाकीतून सोडलेले पाणी शेवटच्या नळापर्यंत पुरेसे आणि पिण्याजोगे पोहोचते का?

दुसरी पायरी : गट बांधावा

पाच ते सात माणसे पुरेशी आहेत. मात्र ती कोण आहेत यावर सगळे अवलंबून असते. पाणी सोडणारा कर्मचारी गटात असलाच पाहिजे, कारण कोणता व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कोणत्या गल्लीत पाणी चढते हे ज्ञान त्याच्याच हातात असते, आणि त्याला बाहेर ठेवले तर प्रत्येक मोजणी त्याला आपल्याविरुद्धची तक्रार वाटते. आशा कार्यकर्ती, बचत गटातील दोन महिला, शाळेतील एक शिक्षक आणि गावच्या विहिरी ठाऊक असलेले एखादे वयस्क गृहस्थ घ्यावेत. जलवाहिनीच्या अगदी शेवटच्या टोकाला जी वस्ती आहे, तिथला माणूस गटात नसेल तर काम सुरूच करू नये. बहुतेक गावांत ही वस्ती दलितांची, आदिवासींची किंवा नव्याने वसलेल्या मजुरांची असते, आणि टाकीजवळच्या घरांतच मोजलेले आकडे तिथल्या अडचणीवर पांघरूण घालतात.

गट आणि ग्रामसभा यांचे नाते कसे असावे, याचा उत्तम दाखला गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने घालून दिला आहे. तिथे अभ्यासगट माहिती गोळा करतो, कायदे वाचतो, प्रश्नाच्या सर्व बाजू तपासतो; निर्णय मात्र ग्रामसभा घेते आणि तो सर्वसहमतीने घेते. या शिस्तीच्या बळावर गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ पासून स्वतःच्या बांबूची विक्री सुरू केली. आपल्या गटानेही हीच मर्यादा पाळावी. गटाने मोजावे आणि मांडावे. ठरवण्याचे काम ग्रामसभेवर सोडावे.

वेळेचा विचारही इथेच करावा. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात जूनमध्ये पेरणी सुरू झाली की गटाला माणूस मिळत नाही, आणि दिवाळीच्या सुमारास वेचणीमुळे तीच स्थिती येते. तेथे फेब्रुवारी-मार्च हा सुरुवातीचा काळ चांगला. जंगलपट्ट्यात मात्र मार्च ते मे मोह आणि तेंदूपानाचा हंगाम असतो, म्हणून तिथे धानाची मळणी आटोपल्यावर लगेच काम हाती घ्यावे.

तिसरी पायरी : नकाशा जमिनीवर काढावा

नकाशा प्रथम कागदावर काढू नये. चौकात किंवा शाळेच्या पटांगणात रांगोळीने आणि खडूने काढावा, म्हणजे लिहिता-वाचता न येणारी माणसेही तो दुरुस्त करू शकतात. आधी टाकी, मग मुख्य जलवाहिनी, व्हॉल्व्ह, गल्ल्या, हापशा, सार्वजनिक विहिरी आणि शेवटी नाल्या, हा क्रम ठेवावा. पुरुषांनी आणि महिलांनी वेगवेगळे नकाशे काढावेत असा माझा आग्रह आहे, कारण पुरुषांच्या नकाशात रस्ते आणि पानठेले ठळक येतात, तर घरचे पाणी भरणाऱ्या महिलांच्या नकाशात कोणत्या हापशीला किती वेळ मारावे लागते आणि कोणत्या नळाला सकाळचे पहिले पाणी गढूळ येते हे येते. दोन्ही नकाशे एकत्र करून मोठ्या कागदावर उतरवावेत आणि जमिनीवरच्या नकाशाचे फोनने छायाचित्रही घ्यावे.

त्यानंतर एक छोटे काम करावे, ज्याचा उपयोग पुढे वर्षानुवर्षे होतो. प्रत्येक व्हॉल्व्ह, हापशी, सार्वजनिक नळ आणि विजेचा खांब यांना ग्रामपंचायतीच्या संमतीने क्रमांक द्यावा आणि तो ऑइल पेंटने लिहावा. ‘मारुतीच्या देवळामागचा दिवा बंद आहे’ या तक्रारीत चार खांब येतात. ‘खांब २७ चा दिवा बंद आहे’ या तक्रारीत एकच येतो, आणि तो दुरुस्त झाला की नाही हे कोणालाही पाहता येते. ज्यांना फोन वापरण्याची आवड आहे अशा तरुणांनी हेच क्रमांक ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावर नोंदवायला हरकत नाही. मात्र मूळ प्रत कागदावरच राहावी आणि ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावी.

पाण्याच्या नकाशावर नाल्या का दाखवायच्या, असा प्रश्न नेहमी येतो. लंडनमध्ये १८५४ साली पटकीची साथ पसरली असताना जॉन स्नो या डॉक्टरने सोहो भागात मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडली, आणि ती ब्रॉड स्ट्रीटवरील एका हातपंपाभोवती दाटलेली दिसली. ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. आपल्याकडे पावसाळ्यात हगवण आणि कावीळ पसरते, तेव्हा नळाची वाहिनी नालीतून किंवा नालीखालून गेलेली असून तिथेच ती फुटलेली आहे, असे अनेकदा आढळते. पाणी बंद असताना वाहिनीतील दाब जातो आणि नालीतले पाणी आत शिरते. नकाशावर वाहिनी आणि नाली जिथे एकमेकींना छेदतात, त्या प्रत्येक ठिकाणी लाल खूण करावी आणि तिथे जाऊन पाहावे. एवढ्यानेच अर्धे उत्तर सापडू शकते.

चौथी पायरी : मोजणी

लागणारे साहित्य थोडे आहे : १५ लिटरची बादली, सेकंद दाखवणारे घड्याळ किंवा फोन, मोजपट्टी, दोरी, वही आणि क्लोरीन तपासण्याचा संच.

पाण्याचे प्रमाण मोजण्यासाठी टाकीजवळचा एक, मधला एक आणि शेवटच्या टोकाचे दोन असे चार नळ निवडावेत आणि ते पुन्हा बदलू नयेत. पाणी सुटल्यावर दहा मिनिटांनी प्रत्येक नळाखाली बादली ठेवून ती किती सेकंदांत भरते ते लिहावे, तसेच पाणी कधी आले आणि कधी गेले हेही लिहावे. जल जीवन मिशनचे प्रमाण माणशी दररोज ५५ लिटर आहे, म्हणजे पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. टाकीजवळच्या घरी बादली एका मिनिटात भरत असेल तर त्या घराची गरज १८-१९ मिनिटांत भागते. शेवटच्या घरी तीच बादली भरायला तीन मिनिटे लागत असतील तर ५५ मिनिटे लागतात. पाणी ४५ मिनिटेच सोडले जात असेल, तर पहिल्या घरी ६७५ लिटर येऊ शकते आणि शेवटच्या घरी २२५ लिटर. हा हिशेब वहीत आला की ‘गावाला पाणी कमी पडते’ हे विधान मागे पडते आणि ‘पाणी पुरते, पण वाटणी बिघडली आहे’ हे समोर येते. पहिल्या विधानावर उपाय म्हणजे नवीन बोअर. दुसऱ्यावर उपाय म्हणजे व्हॉल्व्हच्या वेळा बदलणे, टुल्लू पंप (नळाला जोडून पाणी ओढणारे छोटे पंप) बंद करणे किंवा गळती काढणे. दोन्हींच्या खर्चात मोठे अंतर आहे, म्हणूनच ही मोजणी मला सर्वांत मोलाची वाटते.

पाणी पिण्याजोगे आहे का, याची रोजची परीक्षा म्हणजे ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी. ती जलसुरक्षकाला, म्हणजे गावच्या पाण्याची तपासणी पाहणाऱ्या माणसाला, येते. नमुन्याच्या पाण्यात ठरलेले थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन आहे आणि रंग आला नाही तर ते नाही. संचासोबतच्या रंगपट्टीशी ताडून त्याचे प्रमाण कळते. शेवटच्या नळाला ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे. टाकीजवळ गडद पिवळा आणि शेवटच्या नळाला रंगच नाही असे आढळले, तर ब्लिचिंग पावडर वाढवण्याआधी मधली वाहिनी तपासावी. चाचणीचे द्रावण विषारी आहे, म्हणून मुलांच्या हाती ते देऊ नये आणि तपासलेले पाणी पिण्याच्या भांड्यात परत ओतू नये. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या कोण आहेत हे ग्रामपंचायतीत विचारावे आणि त्यांना गटात घ्यावे.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. ओटी चाचणीतून क्लोरीन कळते. फ्लोराइड, नायट्रेट किंवा क्षार कळत नाहीत. त्यांच्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंतची मुभा आहे. पाणी चवीला गोड लागले म्हणून ते निर्धोक असते, असे समजू नये.

विहिरीची पातळी महिन्यातून एकदा मोजली तरी चालते. कठड्यावर एक जागा रंगाने पक्की करावी आणि दर वेळी तिथूनच मोजपट्टी सोडावी. पट्टीच्या खालच्या मीटरभर भागाला खडू फासला की पाणी कुठवर लागले ते ओल्या खुणेवरून स्पष्ट दिसते. मोजणी पहाटे, मोटार सुरू होण्यापूर्वी करावी, आणि आलेल्या आकड्यातून कठड्याची उंची वजा करावी : पट्टीवर ९.४ मीटर आले आणि कठडा ०.८ मीटरचा असेल, तर पाणी जमिनीपासून ८.६ मीटरवर आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत मोजते. आपलीही मोजणी या महिन्यांत चुकू देऊ नये, म्हणजे दोन्हींची तुलना करता येते. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर उंचीच्या पाण्यात सुमारे २८,००० लिटर पाणी असते. हजार वस्तीच्या गावाची रोजची गरज ५५,००० लिटर धरली, तर पातळी एक मीटरने उतरणे म्हणजे गावाचे अर्ध्या दिवसाचे पाणी कमी होणे. हे गणित शाळेतील सातवी-आठवीची मुले सहज करतात आणि त्यांच्याकडूनच करून घ्यावे.

पर्जन्यमापक ठेवायचा असल्यास तोंडापासून तळापर्यंत सारख्या रुंदीचे भांडे घ्यावे, झाडे आणि भिंती यांपासून दूर ठेवावे आणि रोज सकाळी साडेआठ वाजता वाचन घ्यावे. पीक विम्यासाठी महसूल मंडळातील अधिकृत केंद्राचीच नोंद धरली जाते. गावच्या नोंदीचा उपयोग पेरणी आणि पाण्याचा ताळेबंद यांसाठी करावा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी, एवढे सूत्र ताळेबंदाला पुरते.

पाचवी पायरी : फलक

वही कपाटात राहिली तर ती एकाच माणसाची होते. म्हणून ग्रामपंचायतीसमोर, किराणा दुकानाच्या भिंतीवर किंवा लोक जिथे थांबतात अशा पानठेल्याजवळ एक काळा फलक रंगवून घ्यावा आणि आठवडी बाजाराच्या दिवशी त्यावर चार नळांचे आकडे, तारीख आणि मोजणाऱ्याचे नाव लिहावे. व्हॉट्सअॅपच्या समूहात फलकाचे छायाचित्र जरूर टाकावे. मात्र फक्त तिथेच माहिती ठेवली तर ज्यांच्याकडे तसा फोन नाही ती माणसे पुन्हा बाहेर राहतात, आणि टोकाच्या वस्तीत अशीच माणसे अधिक असतात.

फलकावर नळाचा क्रमांक असावा. घरमालकाचे नाव नसावे. कोणाकडे टुल्लू पंप आहे, कोणाची पाणीपट्टी थकली आहे, कोणाच्या घरात कावीळ झाली आहे, हे फलकावर कधीही लिहू नये. आजाराची नोंद आशा कार्यकर्तीकडेच राहावी आणि गटाने ती घरांच्या संख्येपुरतीच वापरावी. गावात जुने वैर असते, आणि एकदा फलक कोणाला उघडे पाडण्यासाठी वापरला गेला की दुसऱ्या दिवशी तो पुसलेला आढळतो. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा मान राखणेही तितकेच आवश्यक आहे. एखाद्या आठवड्यात शेवटच्या नळाचे पाणी वाढले तर तेही त्याच ठळक अक्षरांत लिहावे.

सहावी पायरी : ग्रामसभेत मांडणी

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्या सामान्यतः २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे, आणि पाण्याचा विषय प्रथम तिथे मांडणे मला अधिक योग्य वाटते, कारण तिथून ठराव होऊन आला की मुख्य सभेत तो बाजूला सारणे कठीण जाते. पेसा (आदिवासी भागांतील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा) क्षेत्रात पाडा किंवा टोला यांची स्वतंत्र ग्रामसभा असू शकते. तसे असेल तर विषय तिथेच न्यावा.

सभेच्या दिवशी उभे राहून बोलणे पुरेसे होत नाही. सभेची सूचना निघण्यापूर्वीच सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन विषय विषयपत्रिकेवर घेण्याची विनंती करावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. मांडणी एका पानाची असावी : नकाशा, तीन महिन्यांचे आकडे आणि एकच मागणी. ‘पाणीपुरवठा सुधारावा’ ही मागणी नव्हे. ‘व्हॉल्व्ह क्रमांक ४ हा आठवड्यातून तीन दिवस इतरांच्या आधी उघडावा आणि नालीतून गेलेली ३० फूट वाहिनी बदलावी’ ही मागणी होय, कारण ती पूर्ण झाली की नाही हे पुढच्या सभेत विचारता येते. सभा संपण्यापूर्वी ठराव इतिवृत्तात कोणत्या शब्दांत लिहिला गेला ते वाचून घ्यावे.

ज्या कामाला पैसा लागतो ते ग्रामपंचायत विकास आराखड्यात यावे लागते. पुढील वर्षाच्या आराखड्याचे काम साधारणपणे २ ऑक्टोबरपासून हाती घेतले जाते, म्हणून आकडे सप्टेंबरअखेर तयार असावेत. आराखड्यातील कामे आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर पाहता येतो. तिथे जे दिसते आणि गावात जे दिसते त्यांत फरक आढळल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्याला १० रुपये शुल्क आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, आणि ३० दिवसांत उत्तर मिळणे बंधनकारक आहे. अर्ज एका विषयापुरता आणि थोडक्यात लिहावा. तरीही अर्ज हे पहिले पाऊल असू नये. समोरासमोर विचारून माहिती मिळत असेल तर ती तशीच घ्यावी, कारण वर्षभर याच माणसांबरोबर काम करायचे आहे.

नगरपंचायतीच्या गावात ग्रामसभा नसते. तिथे तेच एक पान मुख्याधिकाऱ्यांना द्यावे, पोच घ्यावी आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाने ते सर्वसाधारण सभेत मांडावे यासाठी पाठपुरावा करावा.

यंत्र कधी घ्यावे

वर्षभराची हाती लिहिलेली नोंद तयार झाली की टाकीची पातळी दाखवणारे उपकरण, प्रवाहमापक किंवा मोटार आपोआप बंद करणारे यंत्र यांचा विचार करावा. त्याआधी करू नये. कारण तोवर आपल्याला नेमके काय कळायला हवे हेच ठाऊक नसते आणि विक्रेता दाखवेल ते उपयोगाचे वाटते. विकत घेण्यापूर्वी चार प्रश्न लेखी विचारावेत. वीज गेल्यावर ते किती तास चालते? बॅटरी किंवा सुटा भाग कुठे मिळतो आणि तो बसवून देणारा माणूस तालुक्याला आहे का? नोंदी कोणाच्या मालकीच्या राहतील आणि करार संपल्यावर त्या साध्या तक्त्याच्या रूपात परत मिळतील का? दरवर्षीचा देखभाल खर्च ग्रामपंचायतीच्या कोणत्या तरतुदीतून जाईल? उत्तरे समाधानकारक असतील तर यंत्र जरूर घ्यावे, पहिले तीन महिने त्याचे आकडे बादलीच्या आकड्यांशेजारी त्याच फलकावर लिहावेत, आणि दोन्हींत फरक पडला तर बिल चुकते करण्यापूर्वी पुरवठादाराला गावात बोलावून त्याच चार नळांवर मोजणी करायला लावावी.